दुसऱ्या मशीनवर कोण होतं

"इथे घड्याळ लावलेलंच नाही," घराचा मालक म्हणाला. "या खोलीत शिरलो की वेळ संपला." सगळे हसले. बहुधा मीही हसलो, कारण चहाचा कप हातात होता आणि आधीच्या दोन बैठकांत मी एवढंच शिकलो होतो की ही माणसं हसली की आपणही हसायचं. मालक त्या दोन्ही बैठकांना आला नव्हता, आज पहिल्यांदा दिसला. पण बोलता बोलता त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या कडेवर दोनदा दाबला गेला. आवाज नाही, नुसता दाब. आणि माझी पाठ ताठ झाली. आधी पाठ, डोक्याला नंतर कळलं. तेहेतीस वर्षांपूर्वीचे काळे कुरळे केस गेले होते, पांढरी दाढी आली होती, गळ्यात कातडी एप्रन होता. अंगठा मात्र तोच होता. त्या अंगठ्याखाली तेव्हा स्टॉपवॉच असायचं. कारखान्यात आम्ही त्याला टिकटिक म्हणायचो. त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, "काका, बिस्कीट घ्या ना," म्हणाला. ओळखलं नाही. कसं ओळखणार? तो कायम माझ्या मागे उभा असायचा. त्याने माझी पाठ पाहिली होती, तोंड नव्हे.

आमचं मंडळ म्हणजे नऊ-दहा माणसं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरच्या वर्कशॉपमध्ये जमायचं, महिन्याभरात हाताने जे केलं असेल ते टेबलावर मांडायचं, दुसऱ्याचं उलटंपालटं करून बघायचं, विचारायचं. भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या दुर्बिणीचा स्टँड करताहेत. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांनी पितळेची टीचभर तोफ केलीय. मला इथे आणलं ते डॉक्टरांनीच. माझी दाढ कोरताना त्यांचं ड्रिल थरथरत होतं. तोंडात कापूस असताना मी हातवारे करून सांगितलं की बेअरिंग गेलंय, आणि ते खरंच गेलेलं निघालं. तेव्हापासून ते माझी ओळख "आमचे काका, खरे प्रोफेशनल" अशी करून देतात. त्यात कौतुक असतं, नाही असं नाही. पण घरी आलेल्या सुताराचं "हा फार हुशार आहे हं" म्हणून पाहुण्यांसमोर जे कौतुक होतं, तसलं. या सगळ्यांत लेथवर पोट भरलेला मी एकटा. माझं वर्कशॉप म्हणजे खिडक्या लावून बंद केलेली गॅलरी, त्यात जुन्या बाजारातून आणलेला लहान लेथ आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी कपड्यांची दोरी. धुतलेल्या कपड्यावर तेलाचा डाग पडला की बायको तो माझ्यासमोर धरते. बोलत काही नाही, नुसता धरते.

इथे तसं नव्हतं. लांबरुंद खोली, तोंड दिसेल अशी फरशी, भिंतीवर पाने आणि हातोड्या उंचीप्रमाणे टांगलेल्या, प्रत्येकीमागे तिची काळी आकृती रंगवलेली. लेथवर धातूचा कीस औषधालाही नव्हता. टेबलाच्या मधोमध त्याचं इंजिन: वाफेच्या जुन्या इंजिनाची छोटी प्रतिकृती, हवेच्या दाबावर चालणारी, चाक माझ्या पंज्याएवढं. शेजारी मी करून आणलेला लहान व्हाइस, काम पकडायचा शिकंजा, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला. डॉक्टरांनी तो उघडून सगळ्यांना दाखवला, जबडे मिटले की मधून उजेडही जात नाही ते दाखवलं, आणि बाई म्हणाल्या, "किती दिवस लागले हो?" मी म्हणालो, "मोजले नाहीत." खोटं. मला मोजता न येणं शक्यच नाही. कोणतंही काम हातात घेतलं की माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला ते सुरू होतं, आणि ते सुरू करून देणारा माणूस समोर उभा राहून सांगत होता, "या इंजिनाला तीन वर्षं लागली. कधी एका नटावर अख्खा आठवडा. घाई करायचीच नाही. घाई केली की कामातली मजा गेली."

मजा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती जात नाही. ती आधी हाताच्या बोटांत येते. मी कप खाली ठेवला, कारण तो बशीत वाजायला लागला होता.

आम्ही बुश करायचो. ब्राँझचं बुश, अंगठ्याएवढं, आत भोक, बाहेर पॉलिश, दोन्ही तोंडं सरळ. दिवसभर तेच. एका रांगेत सहा लेथ, माझा तिसरा. दुसऱ्यावर मामा. ते कुणाचे मामा होते ते मला कधी कळलं नाही, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. मी नवा लागलो तेव्हा भोक कोरायचं, बोअरिंगचं टूल कसं धरायचं हे त्यांनी मला डोळे मिटायला लावून शिकवलं. "बघू नको, ऐक. चांगलं कापतं तेव्हा ते गुणगुणतं. किरकिरलं की समज, तू जबरदस्ती करतोयस." माझ्या हातात जे काही आहे ते त्यांनी घातलेलं आहे. मी तेहेतीस वर्षांचा होतो तेव्हा ते त्रेपन्नचे असतील. चष्म्याची काच जाड झाली होती, मायक्रोमीटर डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे, आणि प्रत्येक बुश तयार झालं की ते क्षणभर तळहातावर ठेवायचे, जणू वजन करताहेत. एका बुशाला त्यांना नऊ मिनिटं लागायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग हा आला. कॉलेजमधून ताजा निघालेला, पांढरा शर्ट, छातीशी फळी, फळीला कागद, आणि मुठीत ते घड्याळ. वरून हुकूम होता की प्रत्येक कामाची वेळ ठरवायची. पहिल्या दिवशी तो माझ्यामागे उभा राहिला. का माझ्याच? कदाचित माझ्या मशीनजवळ खांब होता आणि त्याला टेकता येत होतं, म्हणून. त्याने घड्याळाचं बटण दाबलं. टक. मी ब्राँझचा बार लेथच्या चकमध्ये पकडला. टक. त्याचं तोंड कापून सरळ केलं. टक. मी त्या दिवशी कसा काम करत होतो ते मला आजही अंगात आठवतं: पाय कुठे होते, कोपर किती वाकला होता, एका हाताने टूल मागे आणता आणता दुसरा हात पुढच्या बाराकडे आधीच निघालेला. एकही हालचाल वाया नाही. मागून एक कोवळा पोरगा अरे वा असा श्वास घेताना मी ऐकला. पाच बुशं झाली. त्याने कागदावर आकडे मांडले आणि पंधरा दिवसांनी सूचनाफलकावर लागलं: बुश, सहा मिनिटं चाळीस सेकंद. सगळ्यांना.

पुढे तो आठ महिने आमच्या रांगेत फिरत होता. संडासला गेलेलं लिहायचा, पाणी प्यायलेलं लिहायचा. मामांच्या मागे उभा राहायचा तेव्हा मामांचा हात थरथरायचा आणि टूल किरकिरायचं. मला शेजारून ऐकू यायचं आणि मी बघायचो नाही. वेळेत काम होत नाही म्हणून मामांना पहिलं पत्र मिळालं, दुसरं मिळालं, तिसरं मिळालं. मग त्यांना मशीनवरून काढून ट्रॉलीवर टाकलं. ट्रॉली म्हणजे सगळ्या मशीनखालचा कीस फावड्याने भरायचा आणि मागच्या आवारात ओतायचा. ज्या माणसाने मला डोळे मिटून ऐकायला शिकवलं तो रोज दोनदा माझ्या पायांशी वाकून माझा कीस भरायचा. मी लेथ बंद करून बाजूला व्हायचो. एकदा ते म्हणाले, "आज बराच पडलाय." तेवढंच. त्यात टोमणा होता की नव्हता हे शोधण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. दीड वर्षाने ते नोकरी सोडून गेले आणि पुढे कधीतरी गेटवरच्या फलकावर त्यांच्या निधनाची चिठ्ठी लागली, तीही तिरकी.

"आता चालवून दाखवा की," डॉक्टर म्हणाले. टिकटिकने हवेचा नळ सोडला. चाक फिरायला लागलं, सगळ्यांनी आहा केलं, आणि मला लगेच ऐकू आलं, फुस्स, फुस्स, दांड्याजवळून हवा जात होती. त्यालाही ते माहीत होतं. "हा एक नग राहिलाय," तो खजील होऊन म्हणाला. "दांडा ज्या बुशातून जातो ना, ते चौथ्यांदा केलं. भोक एका बाजूला मोठं होतंय." मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही बघता का जरा? शिकायला मिळेल आम्हाला." सगळे बाजूला सरले, लेथपर्यंत वाट झाली. मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडात "नाही" होतंच. पण त्याने ब्राँझचा तुकडा माझ्या हातात ठेवला, आणि ब्राँझ हातात आलं की ते गार नसतं, लोखंडासारखं. ते लगेच आपल्या अंगाचं होतं. माझ्या हातांनी मला न विचारता तो चकमध्ये धरला.

मी ठरवलं, हळू करायचं. इतकं हळू की जेवणं गार व्हावीत. यांना मजा हवी ना, देतो मजा. तीन तास लावतो एका बुशाला, बघू कोण कोण उभं राहतं. मी टूल काढलं, त्याने ते फार लांब बाहेर काढून धरलं होतं, म्हणून वाकत होतं आणि भोक बिघडत होतं. मी ते आखडून धरलं आणि मशीन सुरू केलं. पहिला काप घेतला. टूल गुणगुणलं. आणि मग माझ्या मागे श्वास ऐकू आला. तोच, अरे वा असा. मागे न बघता मला कळलं की तो कुठे उभा आहे, किती अंतरावर, कोणत्या पायावर भार देऊन. आणि माझे हात सुटले. मी सांगतो आहे ते खरं आहे: मी थांबवत होतो आणि ते थांबत नव्हते. डावा हात टूल मागे घेईतो उजवा पुढच्या कामाला निघालेला. कोपर तेवढाच वाकलेला. सहासष्टाव्या वर्षी गुडघे दुखतात, जिना चढताना मी कठड्याला धरतो, पण त्या खोलीत माझी एकही हालचाल वाया जात नव्हती. मला लाज वाटत होती आणि मला बरं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी. बुश कापून तळहातावर पडलं. मी दांडा त्यातून घातला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला आणि तळाशी हळूच टेकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," मागून आवाज आला. "वळू नका हं, तसेच उभे राहा." मी तसाच उभा राहिलो. साहेबांनी सांगितलं आणि मी उभा राहिलो. "बुश सेक्शन! तिसरं मशीन! खांबाजवळचं!" तो पुढे आला, त्याने माझे दोन्ही खांदे धरले, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, तुम्ही! मंडळी, हा माणूस कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? माझ्या आयुष्यातला पहिला टाइम स्टडी. असा हात मी नंतर कुठे पाहिला नाही. वीस वर्षं मी ट्रेनिंगमध्ये यांचं उदाहरण देत होतो. किती कारखान्यांत! नाव ठाऊक नव्हतं, तिसऱ्या मशीनवरचा माणूस म्हणायचो." त्याने भराभर इंजिनाचं जुनं बुश काढलं, माझं बसवलं, नट आवळला, हवा सोडली. फुस्स बंद. चाक असं फिरायला लागलं की त्याचे आरे दिसेनात. "बघा!" तो म्हणाला. "बघा हे!"

वीस वर्षं. किती कारखान्यांत. म्हणजे मी न पाहिलेल्या शहरांतल्या न पाहिलेल्या रांगांमध्ये कुठकुठल्या दुसऱ्या मशीनवरच्या माणसांच्या मागे हा उभा राहिला आणि त्यांना माझ्याबद्दल सांगत राहिला. मी विचारलं, "माझ्या शेजारी कोण होतं, आठवतं?"

"अं?"

"दुसऱ्या मशीनवर. कोण होतं?"

तो खरोखर आठवायला लागला. कपाळाला आठी घालून, प्रामाणिकपणे. तेच मला सहन झालं नाही. "दुसऱ्या मशीनवर... नाही हो. खूप वर्षं झाली ना."

"जाड चष्मा. बुश झालं की तळहातावर ठेवायचा. तुम्ही त्याला तीन पत्रं दिलीत."

"पत्रं मी देत नव्हतो, पर्सोनेल खातं द्यायचं—"

"त्याला फावडं दिलं हातात! फावडं!" माझा आवाज त्या गुळगुळीत खोलीत केवढा मोठा झाला. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ लागलेलं. "आणि तुम्ही इथे तीन वर्षं एक खेळणं करत बसता आणि म्हणता घाई केली की मजा जाते? त्याला कुणी विचारली होती का मजा? तो गाणं ऐकल्यासारखा टूल ऐकायचा. त्याच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायला लाज वाटली नाही तुम्हाला?"

"काका, काका," डॉक्टर माझ्या दंडाला हात लावत म्हणाले, "जाऊ द्या. जुन्या गोष्टी आहेत."

जाऊ द्या. ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला हे म्हणायला किती सोपं जातं. मी त्यांचा हात झटकला. पुढे झालो. हवेचा नळ बंद करण्याइतकाही धीर मला नव्हता. चालत्या इंजिनाचा नट मी पान्याने सैल केला, दांडा ओढून बुश बाहेर काढलं. हवा केवढ्यांदा सुटली. चाक दोन-तीन फेऱ्या उगाच फिरलं आणि थांबलं. "हे माझं आहे," मी म्हणालो, बुश खिशात टाकलं आणि निघालो. साठी उलटलेला माणूस शाळेतल्या पोराने गोटी खिशात घालावी तसा निघाला. मला मागून दिसत होतो मी. मला कायम मीच मागून दिसतो.

तो फाटकापर्यंत धावत आला. धाप लागली होती. "एक मिनिट. ऐका तरी. मी पंचवीस वर्षांचा होतो. मला मोजायला सांगितलं, मी मोजलं. जेवढे भरले तेवढेच लिहिले. एक सेकंद कमी केला नाही. ठरवलं वरच्यांनी." मी कडी काढत होतो. "मी काय करायला हवं होतं, ते तरी सांगा."

"मला सांगायचं होतंत," मी म्हणालो. "आधी. की घड्याळ कशासाठी आहे. मी हळू केलं असतं."

तो म्हणाला, "हो. ते सांगायला हवं होतं. चुकलं माझं." आणि फाटक धरून उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत की वाद घातला नाही. हे त्याने करायला नको होतं. त्याने उलट बोलायला हवं होतं.

कारण बसमध्ये बसल्यावर मला माझ्याशी खोटं बोलता येईना. सांगितलं होतं. त्याने नाही, पण सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये युनियनचा सेक्रेटरी टेबलाटेबलाजवळ वाकून सांगत फिरला होता: "उद्या घड्याळ येतंय. हात जड ठेवा." मामांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली होती. मी "हो हो" म्हणालो होतो. रात्री झोपेपर्यंत मला ते पाठ होतं. आणि सकाळी तो पोरगा मागे येऊन उभा राहिला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. फक्त माझ्याकडे. कारखान्यात माल बघतात, आकडा बघतात, पंचिंग कार्ड बघतात. हात कुणी बघत नाही. मी त्याला हात दाखवला. पाच बुशं होईतो मी एकदाही मामांकडे बघितलं नाही. या सगळ्याला मी तेहेतीस वर्षं टिकटिक असं नाव देऊन ठेवलं होतं. खिडकीबाहेर दुकानं, पत्र्याची शेडं, एक बांधकाम, पुन्हा दुकानं. शेजारच्या सीटवरचा माणूस माझ्याकडे बघून थोडा सरकून बसला. मी दात-ओठ खात होतो, मोठ्याने.

घरी आलो तेव्हा बायको खाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "लवकर आलात," ती म्हणाली. "व्हाइस कुठाय?" व्हाइस तिथेच राहिला होता. मी बूटही न काढता स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. अंगठा, इंजिन, मामा, फाटक. मग न सांगितलेलंही सांगितलं, कँटीनमधलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना माझा आवाज पुन्हा चढला, जणू तिनेच काही केलंय. ती घड्या घालत राहिली. संपलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ते कारखान्याच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नळावर माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी आले की बादल्या उचलायच्या. सात नंबरवाली, नऊ नंबरवाली, ती तुमच्या सेक्रेटरीची बायको. सगळ्या." तिने उशीचा अभ्रा झटकला. "चार वर्षं. कॉलनी सोडेपर्यंत."

"चार वर्षं? आणि मला का नाही—"

"मी दुपारी दोन वाजता पाणी भरायची ते काय हौस म्हणून?"

मला आठवलं. मी तिला त्यावरून बोललो होतो. उन्हात कशाला तडमडतेस, मग डोकं धरून बसतेस, असं कितीदा. आणि मुलीचा सहावा वाढदिवस. दोन पोरं आली, तीही लांबची, आणि मी पाहुणे गेल्यावर बायकोवर ओरडलो होतो की तुला धड चार माणसं बोलावता येत नाहीत. ती तेव्हा फुगे फोडत होती. एकेक, टाचणीने.

"सांगायचं होतंस मला."

"तुम्ही घरी यायचात ते रागातच. त्यात आणखी एक कशाला?"

मी म्हणालो, "मामी पण?" मामांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. तो प्रश्न मी विचारला खरा, पण उत्तराच्या आधीच डोळे मिटून घेतले.

"मामी बोलायच्या," बायको म्हणाली. "त्या एकट्याच. दुपारी मुद्दाम यायच्या, माझी कळशी डोक्यावर चढवून द्यायला. त्यांच्याकडे पाणी सकाळीच भरलेलं असायचं. तरी यायच्या."

"काय बोलायच्या?"

"काय बोलणार? भाजी, पोरं, गुडघे. तुमचं कधी नाव काढलं नाही. मामांचंही नाही." तिने टॉवेलची घडी बाजूला ठेवली. "मामा गेले तेव्हा मी गेले होते. तुम्हाला म्हटलं ताईकडे जाते."

मला कुणावर तरी भडकायचं होतं. मी खोलीभर शोधत होतो. ती माझ्याशी खोटं बोलली होती, तेवढं एक हाताशी होतं, तेही पकडून बघितलं, टिकेना. "कुठे असतात आता?" मी विचारलं.

"मुलीकडे. ऐंशी उलटलीय त्यांची. ऐकू येतं अजून नीट." तिने फोन उचलला. "दर रविवारी दुपारी करतेच मी, गॅलरीत तुमचा लेथ चालू असतो तेव्हा." नंबर तिने बघून लावला नाही, बोटांनी लावला. पलीकडे उचलला गेला आणि माझी बायको हसली. असं हसणं मी या घरात ऐकलेलं नव्हतं, मोकळं, खालच्या पट्टीतलं. "मी बोलतेय. हो, झालं जेवण. नाही, ऐका ना मामी, आज ते आहेत इथे. हो, तेच. देऊ?" तिने फोन कानापासून काढून माझ्यासमोर धरला.

मी मान हलवली. नको. आत्ता नको. काय बोलू? पुढच्या रविवारी बोलेन, आधी नीट विचार करतो, असं काहीतरी मी हातांनी सांगत होतो, कापूस तोंडात असल्यासारखा. फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? हॅलो?" ती तशीच धरून राहिली. मग माझी बायको, जिने चाळीस वर्षांत माझ्यासमोर डाग पडलेला कपडा धरला पण शब्द काढला नाही, तिने मांडीवरचे सगळे कपडे खाली लोटले, उभी राहिली आणि शेजारपाजारच्या घरांत ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडली, "घ्या म्हणते ना! घ्या!"

मी घेतला.